एक वर्ष आधी लाल

छिंगवान, २ फेब्रुवारी १९८७

चि. रुइलान,

तुझ्या आईनं दाराला लाल कागद लावला आहे. नव्या चांद्र वर्षाच्या पहिल्या सकाळी ही बातमी तोफूवाल्या शी काकू घेऊन आल्या. त्यांच्या तोफूत जेवढं पाणी असतं तेवढंच बातमीतही असतं, म्हणून मी जोडे चढवून स्वतः गेलो आणि खात्री करून आलो. लालच आहे. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या लाल, वरची आडवी पट्टी लाल, आणि वहिनींच्या केसातलं दुखवट्याचं लोकरीचं फूल गायब.

दादाला जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या सणाला दारावर पांढरा कागद, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला पिवळा आणि मगच पुन्हा लाल, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे यंदा पिवळा. तो पिवळा कागद मी लिहून दिला होता. सणाच्या आधी घेऊन गेलो, वहिनींनी दोन्ही हातांनी घेतला, अक्षर छान उतरलंय म्हणाल्या आणि वर तांदळाच्या वड्या बांधून दिल्या. आता कळतंय की ती लाच होती.

लाल पट्ट्या बाजारातून आणलेल्या आहेत. छापील. चकाकणारी सोनेरी अक्षरं, आणि कडेनं कोबीच्या गड्ड्याएवढाली पिओनीची फुलं. या गावाची दारं, म्हणजे दारांवरच्या शुभाच्या ओळी, मी कधीपासून लिहितो ते तुला माहीत आहे. ज्यांच्याशी माझं बोलणं नाही तेसुद्धा सणाच्या आधी कागद घेऊन येतात, गप्प उभे राहतात आणि लिहून नेतात. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या दारावर छापील. अक्षरांना धड फटकाराही नाही, सगळी एकाच वजनाची, गोदामातल्या पोत्यांसारखी.

गावाचं म्हणणं असं की बाई दुखवटा लवकर आटोपते तेव्हा तिला कुठंतरी जायचं असतं. चहाची पानं भाजायच्या भट्टीवाला तांग, ज्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तो सणाआधी दोनदा वहिनींकडे येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात डबा होता. मी काही म्हणत नाही. जे दिसलं ते लिहिलं.

तू युनशेंगच्या घरच्यांना सांगून बसली आहेस की आमच्या दारावर लाल येईपर्यंत लग्नाचं बोलायचं नाही. आता आलं लाल. पुढे काय ते कळव. वहिनींसाठी लिहायचं ते वेगळ्या कागदावर लिही, नेहमीसारखं वाचून दाखवीन. तुझं तिथं बरं आहे. दिवसभर पांढरे कपडे घालून हिंडतेस आणि कुणी विचारत नाही की घरी कोण गेलं.

तुझा काका
मिंगयुआन


हांगचौ, ९ फेब्रुवारी

काका,

आधी खरं सांगा, तुम्हाला लाल रंग जास्त खुपला की छापील अक्षर? रंगापेक्षा अक्षरांवरच जास्त शाई खर्च झालेली दिसतेय.

पांढऱ्या कपड्यांचंही सांगते. सणाच्या दिवशी माझी वॉर्डात पाळी होती. एका आजींनी पांढरी गोळी घ्यायला साफ नकार दिला. वर्षाच्या पहिल्या दिवशी पांढरं पोटात घालून वर्षभर काय भोगायचं, म्हणाल्या. शेवटी मी ती गोळी लाल कागदात बांधून, दोन्ही हातांनी, नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. आजींनी घेतली, आणि मला आशीर्वाद दिला की यंदा तरी नवरा मिळू दे.

तुम्ही गंमत करताय, पण मी खरंच अडचणीत आहे. युनशेंगची बदली लांचौला झालीय. तिकडे रेल्वेच्या पुलांचं काम निघालंय. मे महिन्यात जायचं आणि पाच वर्षं तिथंच राहायचं. त्याआधी लग्न झालं तर माझीही बदली तिकडच्या इस्पितळात मागता येते. नाही झालं तर तो एकटा जाणार, आणि पाच वर्षांत वाट बघण्याचं काय होतं ते वॉर्डातल्या बायकांनी मला सविस्तर समजावून सांगितलंय.

त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं की बाबांचं तिसरं वर्ष आहे, दारावर पिवळं असताना मी घरातून निघू शकत नाही, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या आईनं लगेच मान डोलावली. त्या बाई वर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापत नाहीत आणि कोटाचं बटणही पांढऱ्या दोऱ्यानं लावत नाहीत. पिवळ्या दारासमोर त्या एक शब्द बोलणार नाहीत. पण युनशेंगचे मामा बांबूचा व्यापार करतात, आपल्याच खोऱ्यातून त्यांची ये-जा असते आणि बस बरोबर आपल्या दारासमोर वळते. त्यांना लाल दिसलं तर मी खोटी पडेन.

म्हणून एक काम करा. लालच्या जागी पिवळा कागद लावा. कुणी विचारलं तर म्हणा लाल पावसानं भिजला म्हणून बदलला. आईला तुम्ही समजावलंत तर ती ऐकेल.

आणि तांग काकांचं काय ते सरळ विचारून टाका. आईला कुणाची सोबत हवी असेल तर मी आड येणार नाही. फक्त माझ्याआधी तिचं लग्न झालं तर लेकीनं आईला आहेर काय करायचा, ते तुम्हीच सुचवा.

रुइलान


छिंगवान, १७ फेब्रुवारी

चि. रुइलान,

गेलो होतो. नवा पिवळा जोड लिहून, गुंडाळी करून, कोटाच्या आत लपवून. वहिनींनी मला बसवलं, साखरेच्या पाण्यात उकडलेली अंडी समोर ठेवली आणि म्हणाल्या, कोटात काय खुपसलंय ते काढून ठेवा, नाहीतर त्यावर पाक सांडेल.

मग मी बोललो. दुखवट्याचं महत्त्व, दादाचा मान, गावाची रीत, तुझ्या सासरकडचे लोक, सगळं क्रमानं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दाराला लावलेलं लाल आपल्या हातानं फाडायचं नसतं, वाऱ्यापावसानं गळून पडेपर्यंत ठेवायचं. हे वाक्य माझं आहे. मीच सगळ्यांना सांगत आलोय. त्यांनी ते माझ्याच आवाजात, मान तशीच तिरकी करून, मला ऐकवलं. पहिला पिवळा जोड कुठंय विचारलं तर म्हणाल्या, जपून ठेवलाय, तुम्ही एकटे राहता, पुढेमागे तुमच्या दाराला लागेल.

तांगचंही विचारलं. मी आडवळणानं सुरुवात केली की तांग माणूस बरा आहे. वहिनी म्हणाल्या, बरा आहे, जरा बोलका आहे. मी म्हटलं, सोबतीला कसा वाटतो? त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला सोबत हवी असेल तर मी त्यांच्याशी बोलून बघते."

मी अंडी संपवली आणि घरी आलो.

आता खरी बातमी. काल त्यांनी कापराचं झाड पाडलं. तू जन्मलीस तेव्हा दादानं अंगणात लावलेलं. ते भिंतीवरून डोकवायला लागलं तेव्हा स्थळं सांगणाऱ्या बायका यायला लागल्या. छपराच्या वर गेलं तेव्हा यायच्या बंद झाल्या. अलीकडे तर बसमधले परके लोकही त्याच्याकडे बघून विचारायचे की एवढं वाढलेलं झाड, या घरातली मुलगी अजून घरीच कशी. ते आता आडवं पडलं आहे. करवत सुतार चेंगनं चालवली आणि दोर तांगनं धरला होता. वास माझ्या घरापर्यंत आला, अजून जात नाही.

रीतीप्रमाणे त्याच्या लग्नाच्या दोन पेट्या करायच्या आहेत म्हणे. कुणासाठी, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, या घरातून जाणाऱ्या मुलीसाठी. शी काकू तिथंच उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "कोणती मुलगी? सव्विशीची की साठीची?" वहिनी हसल्या आणि त्यांच्याकडून नेहमीपेक्षा जास्त तोफू घेतला.

तू तर अजून वर्षभर निघत नाहीस. मग याचा अर्थ काय लावायचा? मी माझ्यापुरता लावला आहे. तांगनं घरावर नवी कौलं घातली आहेत.

काका


हांगचौ, २४ फेब्रुवारी

काका,

ते माझं झाड होतं.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि उरलेला दिवस रुग्णांचा ताप बघताना थर्मामीटर उलटा धरत होते. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत, पोरांची गृहपाठ न करण्याची कारणं बघताक्षणी ओळखलीत, आणि हे तुम्हाला कळलं नाही? तांग काकांनी नुसता दोर धरला. आई माझ्याशी बोलतेय. तिला लिहिता येत नाही, आणि तुमच्याकडून लिहून घ्यायचं तर तुम्ही मध्ये तुमचं घालता. म्हणून तिनं दार लाल केलं. मी त्याला उत्तर दिलं नाही, उलट पिवळं लावा म्हणून तुम्हाला पाठवलं, तेव्हा तिनं झाड पाडलं. कागद बदलता आला असता. झाड परत उभं करता येत नाही. आता सगळ्या खोऱ्याला सांगून झालंय की या घरातली मुलगी निघाली.

तुम्हाला खरं सांगते. बाबांच्या दुखवट्याचा यात फारसा संबंध नाही.

मागच्या हिवाळ्यात आई विहिरीपाशी बर्फावर घसरून पडली होती. तुम्ही मला कळवलं नाहीत, तिनंच नको म्हटलं असणार. मी घरी आले तेव्हा तिच्या कोपरावरची खूण बघून मला कळलं. शेजारणीला आवाज ऐकू आला म्हणून, नाहीतर किती वेळ पडून राहिली असती कोण जाणे. हांगचौहून मी निदान एका दिवसात पोचते. लांचौ म्हणजे दोन दिवसांची गाडी आणि पुढे आपल्या डोंगरातली बस. हो म्हणायला तोंड उघडलं की डोळ्यांसमोर ती विहीर येते. नाही म्हणायला उघडलं की युनशेंग येतो, त्याच्या त्या वाकड्या चष्म्यासकट. म्हणून मी तोंडच उघडलं नाही. दारावरचा कागद माझ्या वतीनं बोलत होता, आणि छान बोलत होता. कुणाला राग येत नव्हता, उलट मुलगी किती रीतीची म्हणून माझं कौतुकच व्हायचं. मागच्या सणाला घरी आले तेव्हा लांचौचं नुसतं कानावर होतं, आणि हिरव्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. मी खळ करून तो परत चिकटवला, तळहातानं दाबून बराच वेळ उभी राहिले.

हे आईला वाचून दाखवू नका. तिला एवढंच सांगा की मी बरी आहे आणि इकडची थंडी कमी झालीय.

रुइलान


छिंगवान, ३ मार्च

चि. रुइलान,

तू सांगितलंस तसंच केलं. 'मी बरी आहे, इकडची थंडी कमी झालीय' एवढं वाचलं आणि कागद घडी घालायला लागलो. वहिनी म्हणाल्या, दोन्ही बाजूंनी भरलेले कागद आहेत भावोजी, एवढी कसली थंडी कमी झालीय? मग सगळं वाचावं लागलं. वाचताना त्या शेंगा सोलत होत्या. विहिरीचा भाग आला तेव्हा फक्त हात थांबला.

आता त्या सांगतायत ते लिहितो. जसंच्या तसं लिहा अशी ताकीद आहे. कंसात माझं.

पोरी, तू कागदाचा कोपरा चिकटवत होतीस तेव्हा मी चुलीपाशी उभी होते. बाप गेलेली मुलगी तो कागद बघून डोळे पुसते. तू सुस्कारा सोडलास. चुकणारी बस मिळाल्यावर माणूस सोडतो तसा. तेव्हाच मला कळलं. म्हटलं, वर्षभरात आपणहून बोलेल. नाही बोललीस. यंदा पिवळा लावला असता तर तुला लपायला आणखी एक वर्ष मिळालं असतं, आणि तो मुलगा एकटा निघून गेला असता.

सणाच्या आधी टेकडीवर तुझ्या बाबांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, तुमच्या नावाचा कागद पोरीच्या वाटेत आडवा येतोय, एक वर्ष आधी काढते. काही बोलले नाहीत. जिवंतपणी तरी याहून जास्त कुठं बोलायचे? मी होकार धरला आणि उतरले. (हे मला आधी सांगितलं असतंत तर लाल कागद मी लिहून दिला असता.) भावोजींना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला पत्र गेलं असतं. आणि दुसरं असं की त्यांचा पाठचा नाही, पुढचा भाऊ गेलाय. ज्यानं त्यांना हात धरून शाळेत नेलं तो. त्यांच्या हातून एवढ्यात लाल लिहून घ्यायला मला धीर झाला नाही. म्हणून छापील आणलं. मलाही ती अक्षरं आवडत नाहीत. (इथं लिहिणं थोडा वेळ थांबलं होतं. शाई संपली होती.) शाई संपली नव्हती.

मी घसरले ते खरं आहे. पण तू हांगचौला होतीस तेव्हाच घसरले ना? मग तू लांचौला गेल्यावर घसरले तर जास्त काय लागणार आहे? या महिन्यापासून मी तांगच्या भट्टीवर पानं निवडायला जाणार आहे. त्याच्या डब्यात पानं असायची, माझी नजर अजून चालते का ते बघायला आणलेली. चालते. तिथं खोलीभर बायका असतात. एक दिवस मी गेले नाही तर दुपारच्या आत कुणीतरी दार वाजवेल. शी काकू तर सकाळीच वाजवेल, आणि मी दार उघडेपर्यंत गावभर सांगूनही आलेली असेल. (तांगबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. कौलं गळत होती म्हणे.)

झाड तुझं होतं म्हणूनच पाडलं. एक पेटी तयार झालीय. सुतार विचारत होता झाकणावर काय कोरू, डाळिंब कोरतो, दाणे भरपूर तेवढी मुलं भरपूर. मी म्हटलं, सरकार एकाच दाण्याची परवानगी देतं, तसं डाळिंब येत असेल तर कोर. तो घरी जाऊन विचार करतोय. लांचौला थंडी फार, असं ऐकते. कापराच्या पेटीत लोकर चांगली राहते.

आता नीट ऐक. तुला तो मुलगा नको असेल तर नको म्हण. गाव चार दिवस हसेल, त्यांनाही करमणूक हवी. पेट्यांना कीड लागत नाही, त्या थांबतील. पण हो की नाही ते तुझ्या तोंडानं म्हण. दाराला बोलायला लावू नकोस, आणि मलाही पुढे करू नकोस. मी दारावरची पट्टी नाही.

(वहिनी विचारतायत की मला आणखी काही घालायचंय का. नाही. मी पिवळे दोन्ही जोड घरी आणून ठेवले आहेत.)

काका


हांगचौ, १२ मार्च

आई, आणि काका,

हे पत्र दोघांना आहे. काका, यातलं काही गाळू नका, गाळलंत तरी उपयोग नाही हे आता तुम्हाला कळलंच आहे.

रविवारी मी युनशेंगला तळ्याकाठी फिरायला नेलं आणि सगळं सांगितलं. कागदाचं, विहिरीचं, सगळं. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "इतके महिने मी तुझ्या बाबांच्या दुखवट्याचा मान राखत होतो, आणि तू मला नुसतं दार दाखवत होतीस." मग तो पुढे चालायला लागला. मी तिथंच बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तो परत आला, हातात भाजलेली रताळी घेऊन. एक मला दिलं. म्हणाला, विहिरीचं मला आधी सांगितलं असतंस तर मी तेवढ्या वेळात कठडा बांधून आलो असतो, मी पूल बांधतो, कठडा बांधायला मला कितीसा वेळ लागतो?

मग मी हो म्हटलं. माझ्या तोंडानं. तोंडात रताळं होतं म्हणून त्यानं परत म्हणायला लावलं. दर वर्षी चहाच्या पहिल्या खुडणीच्या दिवसांत मी घरी यायचं, हेही तिथंच ठरलं. पाच वर्षांनी काय ते पाच वर्षांनी बघू.

पुढे ऐका. आम्ही त्याच्या घरी गेलो, मी धीर करून त्याच्या आईला सांगितलं की आमच्या दारावर लाल लागलंय. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मामांनी सण संपायच्या आत कळवलं होतं. झाड पाडल्याचंही कळलं होतं, दोर कुणी धरला तेही. मग तुम्ही काही बोलला का नाहीत, असं युनशेंगनं विचारलं. त्या लाजल्या. म्हणाल्या, मुलीच्या आईचं आधी होणार असेल तर आपण मध्ये आपलं घोडं दामटणं बरं दिसत नाही. आई, हे लोक गेला महिनाभर तुझ्या लग्नासाठी सभ्यपणे थांबले होते. त्यांनी तुझ्यासाठी आहेरही आणून ठेवला होता. उशीचे दोन लाल अभ्रे, त्यावर बदकांची जोडी भरलेली. आता ते मला मिळाले. पण मी घेऊन येतेय, तुला दाखवल्याशिवाय वापरणार नाही.

आम्ही दोघं चार एप्रिलला येतो. पाच तारखेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं, तेव्हा आपणही बाबांकडे जाऊ. त्यांना मला स्वतः सांगायचंय, तू सांगितलंस तरी. आठवडाभर युनशेंग विहिरीचं काम करेल. लग्न बारा तारखेला, आणि त्याच सकाळी तिथून निघू.

काका, तुम्हाला एक विनंती. लग्नाच्या दिवशीचं दार तुम्ही लिहाल का? नको वाटत असेल तर नको म्हणा. मी समजेन.

रुइलान


छिंगवान, २० मार्च

चि. रुइलान,

पत्र पूर्ण वाचलं. वहिनींनी पुन्हा वाचायला लावलं, आणि उशीच्या अभ्र्यांचा भाग तर शी काकूंना बोलावून त्यांच्यासमोर. आता तो तांगच्या भट्टीपर्यंत पोचला आहे. तांग दोन दिवस पानं निवडणाऱ्या बायकांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीये.

दार लिहीन. काल लिहायला बसलो होतो. पहिला कागद बिघडला, दुसरा बरा आला. दादाला दाखवायला पाच तारखेला बरोबर घेईन.

चार तारखेची बस संध्याकाळच्या आत येते. युनशेंगला सांग, विहिरीसाठी दगड नदीवरून आणून ठेवले आहेत, पण गावातला प्रत्येक माणूस त्याला कठडा कसा बांधायचा ते शिकवणार आहे, त्यानं सगळ्यांना हो म्हणावं. पाहुण्यांना मी माझ्या घरी उतरवतो. जेवण वहिनींकडे. सुतारानं शेवटी झाकणावर बांबू कोरला, दाण्यांचा प्रश्नच नको म्हणून.

एक गोष्ट राहिली होती, तीही काल ठरली. मुलगी घरातून निघते तेव्हा माहेरच्या कुणीतरी मोठ्यानं रडावं लागतं, नाहीतर तिचा संसार भरत नाही. हे काम आईचं. वहिनी म्हणाल्या, मला जमणार नाही. एकतर त्या दिवसांत खुडणी ऐन भरात असते, बस निघाली की मला लगेच भट्टीवर जायचंय. आणि मी रडले तर पोरगी बसमधून खाली उतरेल, मी तिला ओळखते. तेव्हा रडायचं तुम्ही बघा.

मी म्हटलं, वहिनी, मुलीच्या पाठवणीला पुरुष मोठ्यानं रडल्याचं या गावात कुणी ऐकलेलं नाही.

त्या म्हणाल्या, "पत्र वाचताना तुमचं काय चाललं होतं मग?"

सर्दी, मी म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

तेव्हा बारा तारखेला सकाळच्या बसनं तुम्ही दोघं निघाल. वहिनी दारात उभ्या राहतील आणि कोरड्या डोळ्यांनी तुला शाल नीट घ्यायला सांगतील. मी पुढच्या वळणावर असेन, शी काकू माझ्या मदतीला असतील, आणि बस दिसली की मी सुरुवात करीन. निघालेल्या मुलीनं मागं वळून बघायचं नसतं. तू बघशीलच. बघितलंस तर मी हात करीन.

काका